पाच नंबरचं पॅनल गप्प का?

कानवाल्या बाईंचा स्वभावच संशयी. भाजी घेतानासुद्धा वरची जुडी बाजूला सारून खालची बघायच्या. "माझ्या घोरण्याचाही रिपोर्ट लिहून ठेवला असशील," असं नवरा म्हणायचा. बाई हसायच्या, पण नाही म्हणायच्या नाहीत.

कामही तसंच. उच्च दाबाच्या विजेची पॅनल बंद न करता, दार न उघडता तपासायची. आत वीज भलतीकडे झिरपू लागली, की तिचा आवाज माणसाच्या कानाला कळत नाही. बाईंच्या हातातलं टॉर्चएवढं यंत्र तो पकडून हेडफोनमध्ये ऐकवायचं. दाराच्या फटीशी ते धरल्यावर कढईत तळण पडल्यासारखी चरचर आली, की समजायचं, आत बिघडतंय.

शहराला पाणी देणाऱ्या पंपघरात त्या चौथ्यांदा आल्या होत्या. एकाच वयाची पाच पॅनल. चारांतून नेहमीची बारीक गुणगुण. पाचवं मात्र दर खेपेसारखं ठार गप्प. बाईंना ते पटेना. त्यांनी दाराच्या पत्र्याला हात लावला. कोमट! बाकीची चार गार.

"हे गरम कसं हो, आबा?"

आबा म्हणजे तिथले जुने इलेक्ट्रिशियन, निवृत्तीला वर्ष राहिलेले. "ऊन येतं ना, बाई, खिडकीतून."

खिडकीबाहेर टाकीची उंच भिंत होती. बाई सही न करताच निघाल्या आणि आठवड्यानं, न कळवता, एका दमट सकाळी परत हजर झाल्या.

"आज? फोन तरी करायचा!" आबांचा चेहरा पडला.

पत्रा गार होता. चरचर इतकी जोरात आली, की बाईंनी हेडफोन काढून आबांच्या हातात दिला. त्यांनी ऐकलं आणि ते स्टुलावर बसले.

"आतला हीटर लावायचो मी. तुम्ही येणार कळलं की दोन दिवस आधी. ओल सुकली की आवाज जातो. कायम ठेवला तर फ्यूज उडतो."

"पण का?"

"आतली केबल मी जोडली आहे. जाताजाता नाव खराब व्हायला नको."

"आणि भडका उडाला असता तर? रोज या दारासमोर कोण उभं असतं, आबा?"

दुपारी वीज बंद करून पॅनल उघडलं. केबलच्या टोकावर पांढरी भुकटी, मुळांसारख्या काळ्या रेघा. पण जोडणी चोख होती. खालच्या चरातली ओल वर चढली होती.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"जोडणीत नाही."

"मग हीटरचं तेवढं लिहू नका."

बाईंनी लिहिलं. आबांची उरलेली नोकरी भांडारात गेली, आणि ते त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत.

बाईंच्या डोक्यात मात्र दुसराच किडा शिरला. आधीच्या तिन्ही खेपांना 'दोष नाही' लिहून सही कोणी केली होती? त्यांनीच. तेव्हा पत्र्याला हात का नाही लावला? घरी त्यांनी जेवणाच्या टेबलावर जुने रिपोर्ट पसरले.

"आता कोणाची पाळी?" नवऱ्यानं विचारलं.

"माझी."

जरा जास्तच गप्प अशी सात पॅनल सापडली. बाई एकेका ठिकाणी न कळवता जाऊन आल्या. सहांत काही नव्हतं. सातव्यातून चरचर आली. आपला जुना रिपोर्ट चुकीचा होता, असं पहिल्याच ओळीत लिहून त्यांनी नवा पाठवला.