वडिलांचं नाव शेवटच्या रकान्यात

आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये जगाचा नकाशा आहे आणि त्यावर लाल टाचण्या. अबू धाबीजवळच्या मुसफ्फाच्या आमच्या गोदामात नकाशा असणं नवीन नाही, पण या टाचण्या मालाच्या नाहीत, आडनावाच्या आहेत. साहेब स्कॉटलंडच्या पश्चिमेकडल्या एका बेटावरचे. त्यांच्या आडनावाची सुरुवात ‘मॅक’ने होते. त्या आडनावाचा माणूस जिथे सापडेल तिथे ते टाचणी लावतात. कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात तर टाचण्यांची गर्दी आहे.

‘मॅक’ म्हणजे मुलगा, हे मला त्यांनीच एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. पूर्वी त्यांच्याकडे ठरलेलं आडनाव नव्हतंच. अमक्याचा मुलगा तमका, मग तमक्याचा मुलगा आणखी कोणी. दर पिढीला नाव बदलायचं. मग एका पिढीत ते बदलायचं थांबलं. नातवानेही आजोबांचंच नाव लावलं, पणतूनेही तेच, आणि एका माणसाचं नाव सगळ्या घराण्याला चिकटलं. जमीन कसणाऱ्या कुळांनीही ते घेतलं. पुढे जमिनी गेल्या, माणसं जहाजांत बसली आणि नाव त्यांच्याबरोबर गेलं.

मी विचारलं, त्या पहिल्या माणसाला याची कल्पना होती का?

साहेब म्हणाले, “त्याला बहुतेक मेंढ्यांची काळजी असेल.”

मी हसलो. मग त्यांनी मला नावाने हाक मारून एक फाइल आणायला सांगितली. ते नाव माझ्या वडिलांचं होतं.

हे कसं झालं ते सांगतो. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, शेवटी वडिलांचं. तालुक्याच्या सायबर कॅफेवाल्याने पासपोर्टचा फॉर्म भरताना तोच क्रम धरला आणि शेवटचा शब्द आडनावाच्या रकान्यात टाकला. वडील शेजारच्या स्टुलावर बसले होते. ते आमच्याच हायस्कुलात शिपाई होते, चौथीपर्यंत शिकलेले. “नीट तपासून बघ,” म्हणाले. घरातला पहिला पदवीधर मी. मी बघितलं आणि बरोबर आहे म्हणून सांगितलं.

इथे आल्यावर कंपनीने त्या रकान्यावरूनच माझा ईमेल आयडी बनवला आणि सगळे मला वडिलांच्या नावाने ओळखू लागले. दुरुस्ती करायला हवी होती, पण व्हिसा, लेबर कार्ड, बँक, सगळीकडे तेच नाव गेलं होतं. मग मुलगी झाली आणि तिच्याही पासपोर्टवर आडनाव म्हणून आजोबांचं नाव आलं. मी त्याचा फोटो गावी पाठवला. वडिलांचा लगेच फोन आला.

“मी मधला माणूस आहे रे. मला शेवटी कशाला बसवतोस? दुरुस्त करून घे.”

पुढच्या नूतनीकरणाला करतो, असं मी म्हणालो. त्यांनी दोनदा आठवण करून दिली, मग सोडून दिलं.

गेल्या वर्षी एका सकाळी ते चहा ठेवायला सांगून आडवे झाले, ते उठले नाहीत. मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. रजेच्या फॉर्मवर मृताचं नाव लागतं. कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा इजिप्शियन माणूस लिहायला बसला. मी नाव सांगितलं. तो थांबला.

“हबीबी, तुझं नको. वडिलांचं सांग.”

मी तेच नाव पुन्हा सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, लिहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. मी पाणी प्यायलो.

दिवस करून परत आलो. पहिल्याच दिवशी साहेबांनी दारातून ते नाव घेऊन हाक मारली आणि मी “येस सर” म्हणालो. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी तसं होत असेल. मला काही झालं नाही. मला रडू येईल याची बायको वाट बघत होती. मीही बघत होतो.

या वर्षी मुलीचा पासपोर्ट संपत होता. माझा आणि तिचा दोन्ही दुरुस्त करायचे म्हणून मी प्रतिज्ञापत्र केलं, वर्तमानपत्रात जाहिरात दिली, कागद पिवळ्या पाकिटात घालून टीव्हीवरच्या फळीवर ठेवले. गुरुवारची वेळ मिळाली. वडिलांना दिलेला शब्द एवढाच उरला होता. दुरुस्ती झाली की ऑफिसातली हाकही बदलणार, हे कळत होतं. त्याचं काय वाटतंय ते मात्र कळत नव्हतं.

आई तेव्हा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे, मोहम्मद बिन झायद सिटीत आली होती. आईने लग्नातल्या उखाण्यांनंतर वडिलांचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. बँकेत, रेशनच्या दुकानात कोणी विचारलं तर ती कार्ड पुढे करायची. ते गेल्यावरही तसंच.

त्या गुरुवारच्या आधीच्या शुक्रवारी शाळा लवकर सुटणार होती. बायको कामावर, मी घरून काम करत होतो. आई म्हणाली, नातीला आज मीच आणते. मी पाठोपाठ खाली गेलो, पण लॉबीतच थांबलो. कोणाचं तरी सामान हलवत होते म्हणून दार उघडं होतं.

बस आली. मुलांना उतरवणाऱ्या मल्याळी ताईंनी आईला कधी पाहिलं नव्हतं. नवीन माणसाने मुलाचं पूर्ण नाव सांगायचं आणि ते यादीशी जुळायला हवं, असा नियम आहे. आईने नातीचं नाव सांगितलं. त्या नावाच्या तीन मुली बसमध्ये होत्या.

“पूरा नाम बोलो, अम्मा.”

आईने बोटाने नात दाखवली. पदराला हात लावला, तिथे कार्ड नव्हतं. मुलगी पायरीवर उभी राहून “आजी, से इट” म्हणत होती. मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. मी दहा पावलांवर होतो. पुढे का गेलो नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

आईने खाली बघून नाव घेतलं.

“सुनाई नहीं दिया.”

मग आईने मान वर केली आणि मोठ्याने घेतलं. नातीचं नाव आणि लगेच माझ्या वडिलांचं. ताईंनी यादीवर खूण केली आणि मुलीला उतरवलं.

लिफ्टमध्ये मुलीने इंग्रजीत विचारलं, आजी माझ्या नावाला घाबरते का? मी नाही म्हणालो. आई आकड्यांकडे बघत होती.

घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, नातीला वरण-भात वाढला. मग फळीवरच्या पाकिटाकडे बघून म्हणाली, “ते राहू दे.”

“आई, बाबांनीच सांगितलं होतं.”

“त्यांचं काय, ते कुठेही मधेच बसायचे. लग्नात जेवायलासुद्धा कधी पहिल्या पंगतीला बसले नाहीत.” थोड्या वेळाने म्हणाली, “आता घेतलंय मी. राहू दे.”

गुरुवारी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, नावात काही बदल? मी नाही म्हणालो. पाकीट माझ्या मांडीवरच होतं. तिने शिक्का मारला आणि पुढचा नंबर पुकारला.

शुक्रवारी आई बसच्या वीस मिनिटं आधीच खाली जाऊन उभी राहिली. मी वर खिडकीत होतो. बस आली, दार उघडलं. ताईंनी आता तिला ओळखलं आणि काही न विचारता मुलीचा हात तिच्या हातात दिला.

आईने तरीही पूर्ण नाव सांगितलं. खिडकीची काच बंद होती, पण तिचे ओठ मला दिसले.