दीदींच्या सासरी मी

मी फॅक्टरीच्या ऑफिसात कारकून. भित्रा. गॅस बंद केला का ते बघायला तीनदा घरी परतणारा. बायकोने शेवटी शहरातल्या चेरीताल भागातल्या एका समुपदेशक बाईंकडे नेलं.

तिसऱ्याच भेटीत बाई म्हणाल्या, "मॅडम नका म्हणू, दीदी म्हणा. कधीही फोन करा."

मी केला. कालचं दही खाऊ का, विचारलं. चष्म्याची फ्रेम विचारली. दीदी प्रत्येक वेळी उत्तर द्यायच्या. मग त्यांचेच फोन सुरू झाले. एकदा पडदे घ्यायला मला बड्या फुहाऱ्याच्या बाजारात नेलं.

"गर्दीची भीती घालवून राहिलो ना आपण," म्हणाल्या.

तीन तास त्यांचे गठ्ठे मी छातीशी धरून उभा. गठ्ठ्यांपलीकडे काही दिसतच नव्हतं, त्यामुळे गर्दीची भीती खरंच वाटली नाही.

मग दीदी आठवडाभर जवळच्या पाटण गावी सासरी गेल्या आणि फोन बंद. इकडे ऑफिसात बढतीच्या परीक्षेचा फॉर्म आलेला. भरू की नको? दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बायकोला न सांगता पाटणची बस धरली आणि विचारत विचारत घर शोधलं.

दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं. "कोण जी तुम्ही?"

"पेशंट."

तेवढ्यात दीदी धावत आल्या. वाटलं, आता रागावणार. तर मला ओसरीच्या कोपऱ्यात ओढून कुजबुजल्या, "अच्छा झालं आलात! आई माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. काय बोलू त्यांना?"

मी गंभीरपणे म्हटलं, "आधी खोल श्वास घ्या." त्यांनी घेतला. मी चारपर्यंत मोजलं.

मागून सासूबाईंचा आवाज आला, "डॉक्टर तू का हा?" मग त्या माझ्याकडे वळल्या, "आणि काहून गा, घरी सांगून आला का?"

"नाही," म्हणत मी फोन पुढे केला. त्यांनी माझ्याच फोनवरून बायकोला कळवलं, मला पोळी-भाजी वाढली आणि बसमध्ये बसवून दिलं.

पुढच्या भेटीत दीदी म्हणाल्या, "चूक माझी आहे. तुम्हाला बरं करायचं सोडून मी तुमच्यावरच टेकून राहिले." दुसऱ्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी त्यांनीच लिहून दिली.

नवे डॉक्टर पाऊण तास झाला की उठतात. मी त्यांचा नंबर मागितला, तर म्हणाले, "रिसेप्शनवर आहे, दहा ते पाच." पहिल्या आठवड्यात त्यांचा फार राग आला. फॉर्म मात्र मी त्याच आठवड्यात भरला, कोणालाही न विचारता. जन्मतारखेच्या रकान्यात त्या दिवशीची तारीख पडली, तेवढं सोडलं तर बिनचूक.