हरिचंद्र आणि बदलापूरची कॉन्टेसा

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधे हरिचंद्र म्हसकरचं दुकान आहे. गाड्यांचे एसी दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. वय अठ्ठावन्न, गाव बदलापूरजवळचं. तरुणपणी तो अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या एका कारखान्यात कूलिंग प्लँटवर होता. कारखाना बंद पडला, तेव्हा तेच काम त्याने गाड्यांमध्ये सुरू केलं. बोलायला तसा कमीच.

गेल्या एप्रिलमध्ये त्याच्या दारात एक पांढरी कॉन्टेसा येऊन उभी राहिली. एकोणनव्वद सालची. चालवत होत्या साठीच्या कुंदाताई, बदलापूरहून एकट्या आल्या होत्या.

"भाऊ, हिचा एसी नीट करायचाय. मिस्टरांसाठी."

त्यांचे यजमान गुरुदत्त एका कंपनीत अधिकारी होते. सहा वर्षांपूर्वी त्यांना नसांचा आजार जडला. ऊन लागलं, अंग तापलं, की पायातलं बळच जायचं. आठवड्यातून तीनदा व्यायामोपचारासाठी अंबरनाथला न्यावं लागे, आणि उकाड्यातून पोचेपर्यंत व्यायाम करण्याजोगं त्राण उरत नसे.

"मग नवीन छोटी गाडी का नाही घेत?" हरिचंद्रने विचारलं.

"त्यात त्यांना बसताच येत नाही हो. गुडघे वळत नाहीत. हिचं दार बघा केवढं उघडतं. सीटवर टेकवलं की पाय उचलून आत घेता येतात." त्यांनी दारावरून हात फिरवला. "मी गाडी शिकले तीच मुळी सत्तावन्नाव्या वर्षी. हिच्यासाठी."

मागच्याच महिन्यात अंबरनाथला गॅस भरून घेतला होता. आठ दिवस गाडी इतकी गार झाली की गुरुदत्तांनी शाल मागितली. मग पुन्हा नुसता वारा.

हरिचंद्रने बॉनेट उघडलं, पाइपाच्या तोंडाशी बोट लावून किंचित दाबलं. फुस्स आवाज झाला, ओळखीचा वास आला आणि त्याचा चेहरा बदलला.

"ताई, खाली उतरा. चावी काढून घ्या. स्टार्टर अजिबात मारू नका."

एसीत स्वयंपाकाचा गॅस भरला होता. स्वस्तातलं काम, गार मात्र झकास करतो. शेजारी कापडाचे ढीग, शिवणयंत्रं. हरिचंद्रने कारखान्यातली चार पोरं बोलावली, गाडी ढकलत मागच्या मोकळ्या मैदानात नेली आणि तो गॅस हळूहळू, तासभर हवेत सोडून दिला. कुंदाताई लांब सावलीत उभ्या होत्या.

"तुम्हाला लगेच कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

हरिचंद्रने डावा हात पुढे केला. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी आक्रसलेली होती.

"मीच भरायचो, ताई. वीस वर्षं झाली. राजरत्न म्हणून एक टॅक्सीवाला होता, त्याच्या गाडीत भरला. पाइप गळत होता, मी खिडकीतून ब्लोअरचं बटण दाबलं आणि आतून भडका उठला. तो बाहेर उभा होता म्हणून वाचला. मी चावी काढायला आत हात घातला." हात मागे घेत म्हणाला, "त्यानेच मला दवाखान्यात नेलं. गाडी त्याची जळली आणि माझ्या उशाशी तोच बसून राहिला."

मग त्याने काम समजावलं. या गाडीचा मूळचा गॅस आता मिळत नाही. नवा घालायचा तर जुने रबरी पाइप बदलायला हवेत, त्यातून तो निसटतो. कॉम्प्रेसरमधल्या जुन्या तेलाशीही त्याचं जमत नाही. कॉम्प्रेसर जड, इंजिनाला ओढणारा. त्याजागी हलका बसवायचा. उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी मोठी, तिला हवा आत ओढणारा स्वतंत्र पंखा.

स्पेअर पार्टचं दुकान प्रीतमचं, गल्लीच्या टोकाला. त्याने समजावून पाहिलं, "साईं, पुराने कॉम्प्रेसर में सील डाल दो, काम हो जाएगा."

"चालेल महिनाभर," हरिचंद्र म्हणाला. "मे महिन्यात पुन्हा माझ्याच दारात येईल."

सहा दिवस लागले. कॉम्प्रेसर बसवायला लोखंडी पट्टी कापून, भोकं पाडून घ्यावी लागली. पाइपांतली हवा ओढून दोन तास दाबाचा काटा हलत नाही ना ते पाहिलं, मग गॅस वजनावर मोजून भरला. सकाळी रस्त्यावर फेरी मारली. छान गार.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदाताईंचा फोन आला. "भाऊ, धावताना गार होता. अंबरनाथला ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि गरम वारा यायला लागला. यांना चौघांनी उचलून आत न्यावं लागलं."

हरिचंद्र स्कूटर काढून अंबरनाथला निघाला. तिथे कॉन्टेसा सुरू केली, जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरलं. ते जाळीला चिकटायला हवं होतं. उडून रस्त्यावर गेलं.

तो सरळ दवाखान्यात गेला. गुरुदत्त बाकावर ओल्या टॉवेलने मान पुसत होते.

"साहेब, चूक माझी. वायरी उलट्या जोडल्या, पंखा उलटा फिरतोय. गाडी पळताना वारा आपसूक आत येतो, म्हणून कळलं नाही. उभ्या गाडीत, दुपारी तपासायला हवं होतं."

गुरुदत्तांनी टॉवेल खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे गाडी समोरच्याला वारा घालत होती."

कुंदाताईंना इतक्या वेळाने हसू आलं.

वायरी बदलायला दहा मिनिटं. पण हरिचंद्र गेला नाही. भर उन्हात, उभ्या गाडीत तो पाऊण तास मागच्या सीटवर बसून राहिला, हवेच्या झडपेत थर्मामीटर खोचून. काटा आठ अंशांवर आला आणि तिथेच राहिला. पुढे गुरुदत्त डोळे मिटून बसले होते.

"बंद करू का, साहेब?"

"राहू द्या अजून थोडा वेळ," ते म्हणाले.

आधी गॅस भरणारा मेकॅनिक कैलास जवळच होता. परतताना हरिचंद्र त्याच्याकडे थांबला. भांडायला नाही. हात दाखवला, राजरत्नची गोष्ट सांगितली. कैलास चिडला, "सगळेच भरतात, काका!" हरिचंद्र चहा पिऊन निघून गेला. आठवड्याने कैलास वजनकाटा घेऊन कॅम्प तीनमध्ये आला आणि कुठल्या गाडीला किती ग्रॅम गॅस, ते वहीत उतरवून घेऊन गेला.

मे महिन्यात कॉन्टेसा आठवड्यातून तीनदा अंबरनाथला जात राहिली. महिन्याच्या शेवटी कुंदाताईंनी फोन केला. गुरुदत्त गाडीतून उतरून काठी टेकत स्वतः दारापर्यंत गेले होते, बावीस पावलं. कुंदाताईंनी मोजली होती.

"चांगलं झालं, ताई," हरिचंद्र म्हणाला. "आता सोमवारी गाडी घेऊन या. कॉम्प्रेसरचा पट्टा ताणून देतो."