पत्रकात नसलेलं नाव

बी.ए. झाल्यावर मला पहिलं काम मिळालं ते घरोघर जाऊन प्रश्न विचारण्याचं. एक संस्था गावातल्या लोकांचं एकमेकांशी कसं जमतं याची पाहणी करत होती आणि त्यासाठी तिला मराठी, कोकणी दोन्ही बोलणाऱ्या मुली हव्या होत्या. मी गोव्यातल्या पेडण्याची, पण माझ्या वाट्याला डिचोलीजवळचा एक वाडा, म्हणजे एक वस्ती, आली. तेव्हा खाणी जोरात होत्या. ट्रकांच्या धुळीनं रस्त्याकडेच्या झाडांची पानंसुद्धा तांबडी दिसत. संध्याकाळी घरी येऊन ओढणी धुतली की बादलीतलं पाणी लाल व्हायचं.

त्या वाड्यावर एक विधवा काकी राहायची. पिढ्यान्पिढ्या तिथलीच. मागच्या दोन खोल्या तिनं भाड्यानं दिल्या होत्या. त्यांत महाराष्ट्रातल्या कुडाळकडचा एक ट्रक ड्रायव्हर, त्याची बायको आणि त्यांची लहान मुलगी राहत. काकी कोकणीत बोलायची. इथं मी तिचं बोलणं बहुतेक मराठीत लिहिते आहे.

"कदेलावर बस गो," खुर्चीकडे बोट दाखवत ती म्हणाली. तिच्या एका डोळ्यावर हिरवं फडकं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते.

मी विचारलं, "बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांवर तुमचा विश्वास आहे का? पूर्ण, थोडा, की अजिबात नाही?"

"अजिबात नाही," काकी ताडकन म्हणाली. "लिही. भायल्यांचा काय भरवसा? आज हांगा, उद्या थंय."

एवढ्यात मागच्या दारातून भाडेकरीण आली. तिच्या हातात औषधाची बाटली होती. काकीनं न सांगताच मान मागं टाकली, फडकं वर केलं आणि डोळा उघडा धरला. त्या बाईनं एका हातानं काकीची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हातानं दोन थेंब अलगद सोडले. काकी हललीसुद्धा नाही.

"अगो, चहा ठेव हिला," काकी म्हणाली, आणि ती आत गेल्यावर मला म्हणाली, "हां, पुढचं विचार."

"काकी, ही पण बाहेरचीच ना?"

"ही?" काकीला माझा प्रश्नच कळला नाही. "ही घरातली."

मी 'अजिबात नाही'समोर खूण केली. सांगितलं तेच लिहायचं, असा आमच्या साहेबांचा नियम होता.

चहा झाल्यावर त्या बाईचीही मुलाखत घेतली. काकी तिथंच बसून होती. पत्रकावर कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायची जागा होती, तिथं मी तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. 'उत्तर देणारी व्यक्ती' यासमोर 'पत्नी' लिहिलं. तिनं प्रत्येक प्रश्नाला एकाच धाटणीचं उत्तर दिलं. विश्वास पूर्ण, मदत नेहमी, त्रास काहीच नाही.

आठवड्यानं साहेबांनी ते पत्रक माझ्यासमोर ठेवलं. "सगळी उत्तरं सारखीच कशी? एकटीला गाठून पुन्हा विचार."

मी गेले तेव्हा ती नळावर कपडे धूत होती. आसपास कोणी नव्हतं. मी शेजारच्या दगडावर बसले आणि पुन्हा तेच प्रश्न काढले. दोन-तीन प्रश्न झाल्यावर तिनं हातातला कपडा पिळून बाजूला ठेवला.

"त्या दिवशी काकी आयकत होती," ती तिच्या मालवणीत म्हणाली. "काकी वायट नाय हां. माज्या ल्हान चेडवाक ताप इल्लो तेव्हा रातभर उशाक बसान होती. पण चार वर्सां झाली माका हय येवन. काकी 'अगो' म्हणता, बाकीची 'ट्रकवाल्याची बायल' म्हणतत. माजा नाव एकाक म्हायत नाय. तुमी पण त्या दिवशी घोवाचाच नाव लिवलात."

मी तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं आणि सांगताना एकदम लाजली, लग्नात उखाणा घेताना मुली लाजतात तशी. माझ्या पत्रकात ते लिहायला जागाच नव्हती.

इथवर ठीक होतं. पुढं मी जे केलं ते करायला नको होतं. परत जाताना काकीकडे डोकावले. काकीनं सवयीनं मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगो, हांगा यो, थेंब घाल."

ती दारात आली आणि मी तिला नावानं हाक मारून म्हटलं, "या, काकी वाट बघते आहे."

काकीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हे तुझं नाव?"

तिनं मान हलवली. काकीचा चेहरा उतरला. तिनं मान मागं टाकली. थेंब घालून झाले आणि ती बाई मला फाटकापर्यंत सोडायला आली.

"असा कित्याक केलात?" तिचा आवाज दबलेला होता. "मी सहज गजाल म्हणान सांगलंय, गाऱ्हाणा म्हणान न्हय. आता काकीक वाटतला, मी तुमच्याकडे तिची चुगली केलंय."

एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ते मी मोडलं होतं, आणि तेही चांगलं काही करते आहे अशा ऐटीत. परतताना बसमध्ये मला आमच्या घरी दरवर्षी भाताच्या लावणीला येणारी बाई आठवली. लहानपणी तिच्या कडेवर बसून मी शेतावर गेले होते. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. घरी जाऊन आईला विचारलं, तर तिलाही आठवेना.

तीन-चार महिन्यांनी डिचोलीच्या बाजारात त्या दोघी दिसल्या. काकीचा डोळा बरा झाला होता. ती भाजीवालीशी घासाघीस करत होती आणि ही पिशवी धरून उभी होती. मी दुसरीकडे वळणार होते, पण तिनंच हात केला. मी माफी मागितली.

"काकी दोन दिवस बोलूक नाय," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी आपणच इली नि म्हणाली, माजी चूक झाली, मी कधी इचारलंयच नाय. मग नावान हाक मारूक लागली. पण माका कसासाच वाटी, शाळेत हजेरी घेतत तसा. मीच सांगलंय, काकी, तुमी आपला 'अगो'च म्हणा."

"मग आता काय म्हणते?"

"घरात 'अगो'. लोकांत नावान."

तेवढ्यात काकी वळली. मला ओळखून जवळ आली. "काय गो, अजून विचारत फिरतेस?" असं म्हणत पिशवीतली दोन तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, काढून माझ्या हातावर ठेवली. मग माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "इतके प्रश्न विचारलेस, चहा पिऊन गेलीस, पण तुझं नाव काय ते मी अजून विचारलंच नाही."

मी सांगितलं. काकीनं ते एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं, आणि दोघी बसस्टँडकडे गेल्या.