ओटीतल्या स्ट्रॉबेऱ्या

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवी शेतीचीच घेतली, आणि ती भिंतीवर टांगायला घेतली नाही. म्हणून हदगावच्या आमच्या रानात विहिरीजवळचे दोन गुंठे मी बाबांकडे मागितले. कापूस नको, सोयाबीन नको, स्ट्रॉबेरी लावणार म्हटलं.

बाबा म्हणाले, "लाव. पर माल वाया गेला तर पुढल्या साली तिथं हरभरा. मंग मला पुस्तक दाखवू नको."

थंडी चांगली पडली. गादीवाफे, काळा कागद, ठिबक, सगळं माझ्या हातचं. जानेवारीत फळ लाल झालं. नांदेडचा एक फळवाला पहिला माल बघायला तयार झाला. पहाटे तोडायचं आणि सकाळच्या एसटीनं न्यायचं, असं ठरलं. मी एकटी पुरणार नव्हते, म्हणून आई, काकू आणि वहिनी आल्या.

या तिघींना कापूस वेचताना तालुक्यात कोणी मागं टाकून दाखवावं. दोन्ही हात चालतात, आणि तोंड हातांच्या पुढं. मी खोकी आणायला घरी गेले. परत येते तर अर्धा पट्टा मोकळा! तिघींनी पदराच्या ओट्या बांधलेल्या. बोंडातून कापूस ओढावा तशी फळं ओढलेली, हिरव्या टोप्या सगळ्या झाडावरच. जागा व्हावी म्हणून काकू ओटीतला माल मुठीनं दाबून बसवत होती. तिच्या लुगड्यातून रस गुडघ्यापर्यंत उतरला होता.

"काकू, हे काय करून राहिलीस!"

"वेचून राहिले की. तुझ्या कॉलेजातल्यांना दिवस लागला असता."

"देठासकट तोडायचं असतं गं. दाबायचं नसतं."

आईनं कमरेवर हात ठेवले. "मंग ते आधी सांगाया तुझं तोंड काय गावाला गेलं होतं?"

खरं होतं. खताचं, पाण्याचं मी त्यांना महिनाभर ऐकवलं होतं. हात कसा लावायचा तेवढं सांगितलं नव्हतं. वेचणं यांना काय शिकवायचं, असं मला वाटलं. चूक माझीच. फळवाल्याला फोन केला, आज माल येत नाही, उद्या आणते.

बाबा बांधावर उभे होते. "हरभऱ्याचं बी बघून ठेवतो," म्हणाले.

"थांबा जरा. अजून काही वाया गेलेलं नाही."

फळं धुतली, चुलीवर मोठं पातेलं चढवलं. साखर घातली, लिंबू पिळलं. वहिनी वरचा फेस काढत होती. आईनं थेंब चिमटीत धरून तार बघितली. "झालं. उतरव."

"नाही झालं."

"पाक मला शिकवती व्हय? तुझ्या आत्याच्या लग्नातली बुंदी कोणी पाडली?"

मी गार ताटलीत थेंब टाकला. तो पळाला. पातेलं मी उतरू दिलं नाही. थोड्या वेळानं टाकलेला थेंब जागचा हलला नाही. त्यातून बोट ओढलं तर वाट तशीच राहिली. आईनं दोनदा बोट ओढून बघितलं. "हाव, जमलं," म्हणाली. मग उकळलेल्या बाटल्या भरल्या.

दुपारी बाबांनी ज्वारीच्या भाकरीला जॅम लावून घेतला. गुळासारखा जाड लावला. दुसरी भाकरीही तशीच खाल्ली.

"हे किती टिकतं?"

"झाकण उघडलं नाही तर वर्षभर."

"आन् फळ?"

"दोन दिवस."

दुसऱ्या दिवशी पहाटे उरलेला पट्टा तोडत होतो. आता तिघी देठ नखानं खुडत होत्या, आणि काकू प्रत्येक फळ खोक्यात निजवल्यासारखं ठेवत होती. बाबांनी वहाणा बांधावर काढल्या आणि माझ्या ओळीत येऊन बसले.

"दाखव, कसं धरायचं."

दाखवलं. पहिलंच फळ त्यांच्या बोटांत चेपलं.

"पुढल्या साली आधी ह्ये शिकव सगळ्यांना," ते म्हणाले.

"शिकवते," मी म्हटलं, आणि ते चेपलेलं फळ जॅमसाठी बाजूला ठेवलेल्या डब्यात टाकलं.