डेव्हचा किस्सा

मी बोलका माणूस. दुबईत एकवीस वर्षं काढली, आणि या एकवीस वर्षांत माझ्या पोटात राहिलेली गोष्ट शोधून सापडणार नाही, असं बायको म्हणते. तिचं चुकतंय. एक आहे. तिला सांगितलेली नाही, मुलाला नाही, ज्याच्याशी त्या गोष्टीचा संबंध आहे त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतो — तुमचा माझा परिचय नाही, म्हणूनच जमेल कदाचित.

तुम्ही आमच्या गोतावळ्यातले असतात, तर डेव्हचा किस्सा तुम्ही ऐकलाच असता. गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या पन्नाशीला — जेवणं आटपली की कुणीतरी म्हणणारच, 'काका, डेव्ह होऊन जाऊ दे!' मग मी खुर्ची मागे सारतो, पोट पुढे काढतो, नाकात बोलणारा सहा फुटी अमेरिकन होतो, मग परत मी होतो, टेबलावर मूठ आपटतो... लोक डोळे पुसतात. सांगायला लाज वाटते, पण मी तो किस्सा फार छान सांगतो.

त्यात खरं काही नाही. नाही, थोडं आहे. डेव्ह होता. टेबलही होतं.

माझा मुलगा पार्थ लहानपणी बेसबॉल खेळायचा. आम्ही जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहतो; शेजारच्या कुटुंबाची मुलं खेळायला जायची, तसा हाही जाऊ लागला. मी पुण्यात क्लबच्या सामन्यांना वर्षानुवर्षं स्कोअर लिहिलेला. इथे शुक्रवारी सकाळी मैदानाच्या कडेला छत्रीखाली नुसता बसून काय करणार? दोन महिन्यांत मी त्यांचंही स्कोअरबुक शिकलो. लाल-निळ्या पेनांनी, शाळेच्या वहीसारखं नीटनेटकं. डेव्ह, म्हणजे लीगचा मुख्य कोच, ते पुस्तक सगळ्यांना दाखवत फिरायचा. त्यातूनच मी निवड समितीत गेलो. पाच जणांची समिती. चार गोरे आणि मी.

आता हेमंत. माझा या देशातला पहिला मित्र, अगदी पहिल्या आठवड्यातला. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजचा सर्व्हिस मॅनेजर. त्याची मुलगी रेवा, पार्थच्याच वयाची. पार्थचं बघून तिनं हट्ट धरला, म्हणून दर शुक्रवारी हेमंत शारजाहून पहाटे निघायचा. ती थर्ड बेसवर उभी राहायची. तिथून फर्स्ट बेसपर्यंत चेंडू फेकायचा, म्हणजे मैदान तिरकं कापायचं — अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा दम निघतो. रेवाचा निघायचा नाही. तिची फेक वेगळी होती. हात खांद्यावरून नाही, कमरेजवळून यायचा, बाजूनं, चाबकासारखा, आणि चेंडू जमिनीला समांतर जाऊन समोरच्याच्या हातमोज्यात बसायचा. थप्!

ती फेक तिला हेमंतनं शिकवली होती. गॅरेज बंद असलं की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघं जायची. पत्रा इतका खाली, की हात वर नेला तर आपटायचा. तिथे टांगलेल्या जुन्या टायरमधून ती चेंडू काढायची. एकदा मीही गेलो होतो चहाला. हेमंत दाराशी उभा होता. मला म्हणाला, "बघ, बघ तिचं मनगट. ही आमच्या गावची फेक आहे. कैऱ्या पाडायची. डोकं वर करून मारलास तर मालकाला दिसतोस, म्हणून असं बसून, खालून. मी हिला दुसरं काय देणार रे? हे दिलं." इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

हे लक्षात ठेवा. मला तर विसरताच येत नाही.

त्या वर्षी आमच्या लीगचा ऑल-स्टार संघ युरोपात स्पर्धेला जायचा होता. चौदा मुलं. वयाची अट बारा, म्हणजे रेवाची ती शेवटची संधी. तिनं पासपोर्ट आधीच दप्तरात घालून ठेवला होता, असं शुभदा वहिनी — हेमंतची बायको — हसत सांगत होत्या. वहिनींनी मला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं होतं, "भावोजी, तुम्ही आहात ना तिथे." मी म्हणालो, अहो, मी आहे ना!

मी होतो. माझ्याच ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये आम्ही बसलो होतो. फळ्यावर नावं. माझ्यापुढे स्कोअरबुक. पार्थचं नाव आलं तेव्हा सगळ्यांनी हात वर केले. तो चांगला खेळायचा, ते खरंच आहे. पण एक कोचबाई, लिंडा, हात वर करता करता माझ्याकडे बघून जरा हसली. मला काहीतरी टोचलं. मग तेरा नावं झाली. चौदाव्या जागेला दोन नावं उरली: रेवा, आणि समितीतल्याच एकाचा मुलगा कॉनर. कॉनर चेंडू आला की डोळे मिटायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. कॉनरच्या बापालाही माहीत असणार.

लिंडानं गोड आवाजात विचारलं, "रेवा म्हणजे... तीही तुमच्या ओळखीचीच ना?"

तिनं वाईट हेतूनं विचारलं का? आजही सांगता येत नाही. कदाचित नुसतंच विचारलं असेल. पण मला काय ऐकू आलं? — एक तुमचा झाला, आता दुसराही तुमचाच का? आपल्या लोकांची ही भीती तुम्ही ओळखाल. परक्यांच्या टेबलावर बसायला मिळालं, की आपण आपल्या माणसाची बाजू घेतो असं कुणाला वाटू नये. निःपक्षपाती दिसायचं. त्यासाठी काय वाटेल ते. आणि पार्थ तर आत जाऊन बसलाच होता.

मला काय करता आलं असतं? पुस्तक उघडता आलं असतं. संपूर्ण सीझनमध्ये थर्ड बेसवरून तिची एकही फेक चुकलेली नव्हती. माझ्याच अक्षरात होतं ते, लाल-निळ्यात. माझा तळहात त्या पुस्तकावर होता. मिटलेल्या.

गप्प बसता आलं असतं. तेसुद्धा चाललं असतं — म्हणजे चाललं नसतं, पण निदान आज मी हे लिहीत बसलो नसतो.

मी विनोद केला.

मी उठून उभा राहिलो. कमरेत वाकलो, हात बाजूनं फिरवला, हुबेहूब तिच्यासारखा. आणि म्हणालो, की आमच्या देशात या फेकीला नाव आहे. पोरी शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे अशा पाडतात. तुम्ही हिला युरोपात न्या खुशाल, पण स्टँडमधून कुणी ओरडलं तर ही चेंडू टाकून घरी पळत सुटेल! — आणि मी पळून दाखवलं. फ्रॉक आवरत. टेबलाभोवती एक फेरी.

खोली फुटली. डेव्ह टेबल बडवत होता. मूठ आपटली ती त्यानं, मी नाही. लिंडानं चष्मा काढून डोळे पुसले. हसता हसताच कुणीतरी फळ्याकडे गेलं आणि रेवाच्या नावावरून डस्टर फिरवलं. मत घ्यायचीसुद्धा गरज पडली नाही.

संध्याकाळी हेमंतला फोन केला. त्याला म्हणालो, खूप भांडलो रे. टेबलावर मूठ आपटली. डेव्हला तोंडावर सांगितलं, हबीबी, तुझी लीग गेली खड्ड्यात! हेमंतनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जाऊ दे. तू भांडलास ना? खलास. पोरीला सांगतो, काका भांडले तुझ्यासाठी."

चार दिवसांनी वहिनींनी करंज्या पाठवल्या. ओल्या नारळाच्या, मला आवडतात म्हणून. मी खाल्ल्या. घशात अडकल्या वगैरे नाहीत. चांगल्या झाल्या होत्या.

आणि मग त्या गणपतीत कुणीतरी विचारलं, काय झालं होतं रे नेमकं? मी सांगू लागलो, लोक हसू लागले. किस्सा तयार झाला. पुढच्या वर्षी त्यात डेव्हची ढेरी आली, त्याच्या पुढच्या वर्षी त्याची सांडलेली कॉफी. रेवा पुढच्याच रांगेत बसून ऐकायची. काका तिच्यासाठी कसे लढले, ते.

इथवरच असतं, तर एखादेवेळी मीच माझ्या किश्श्यावर विश्वास ठेवला असता. पण पुढच्या सीझनला पार्थ मैदानावरून घरी आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "बाबा, एव्हरीवन कॉल्स रेवा 'मँगो' नाऊ. ईव्हन कोच डेव्ह. इट्स सो फनी."

मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

मुलांना नेमकं काय कळलं होतं कोण जाणे. चेंडू तिच्याकडे गेला की दोन्ही बाजूंनी 'मँगो, मँगो' सुरू व्हायचं. तिनं फेक बदलली. हात खांद्यावरून आणू लागली, बाकीच्यांसारखा. चेंडू फर्स्ट बेसच्या डोक्यावरून जायचा, कुंपणाला लागायचा. बेसबॉलच्या पुस्तकात क्षेत्ररक्षकाची चूक वेगळी लिहितात; थर्ड बेसची चूक म्हणजे इंग्रजी ई आणि पुढे पाच. ई-पाच, ई-पाच. ते लिहायला कोण बसलं होतं छत्रीखाली? मीच. नीटनेटक्या अक्षरात. त्या सीझनअखेर तिनं खेळ सोडला. "अभ्यास वाढला ना आता," असं हेमंत म्हणाला. मीही तेच म्हणालो.

याला दहा वर्षं झाली. रेवा आता आमच्याच टॉवर्सच्या भागात नोकरीला आहे. लिफ्टमध्ये भेटली की 'काकाऽ' म्हणून मिठी मारते. गेल्या महिन्यात हेमंत आणि वहिनी कायमचे पुण्याला परतले. निघण्याआधीच्या शनिवारी त्यांनी आम्हाला शारजाला जेवायला बोलावलं. सामान बांधलेलं, भिंतीवर फोटोंचे नुसते चौकोन. जेवता जेवता रेवा म्हणाली, "काका, डेव्ह. प्लीज. लास्ट टाइम."

मी केला. नकार का दिला नाही, ते विचारू नका. केला, आणि चांगला केला. मूठ आपटली तेव्हा ताटं वाजली. सगळे हसले, पार्थ हसला. हेमंत मठ्ठ्याचं पातेलं घेऊन वाढत होता, तोही हसत होता. आणि हसणं ओसरता ओसरता रेवा म्हणाली,

"बट काका, एक मला कधीच कळलं नाही. मग ते सगळे मला मँगो का म्हणायचे? माझ्या थ्रोला हसायचे. मी आई-बाबांना सांगितलंच नव्हतं, फार एम्बॅरसिंग होतं. डेव्हला काय माहीत आंबे कसे पाडतात?"

वहिनी म्हणाल्या, "अगं, मँगो? आम्हाला बोलली नाहीस ती कधी!"

हेमंत माझ्या पानाशी उभा होता. हातातला डाव तसाच. शेडच्या दाराशी उभं राहून ते कैऱ्यांचं त्यानं घराबाहेरच्या एकाच माणसाला सांगितलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? मला वाटतं, फार नाही. मठ्ठा डावातून गळून टेबलावर दोन थेंब पडले.

मग त्यानं माझा ग्लास भरला. काठोकाठ, सावकाश. म्हणाला, "घे."

मी प्यायलो.

ते गेले. मी विमानतळावर सोडायला गेलो होतो. त्यानं हात मिळवला, बॅगा मोजल्या, आत गेला. पोचल्याचा मेसेज वहिनींच्या फोनवरून आला.

भीतीपायी केलं, असं मी वर लिहिलंय. ते पुरतं खरं नाही. एवढं दुरुस्त करून थांबतो. टेबलाभोवती फेरी मारताना मी घाबरलेलो नव्हतो. हशा फार मोठा आला होता — आणि अर्ध्या फेरीत माझ्या लक्षात आलं होतं, की आणखी थोडा येऊ शकतो. म्हणून मी फ्रॉक आवरला.