खंडेनवमीचा चंदेरी रंग

वाळूजच्या त्या कारखान्यात पत्रा ठोकून आकार देणाऱ्या प्रेसच्या रांगेवर जे छोटे पांढरे डबे बसवले होते, ते सुदर्शनने बनवलेले. पिशोरच्या शेतकरी घरातला हा पोरगा रेडिओच्या नादाला लागला, तो काही हौसेनं नाही. याच कारखान्यात, पहिल्या प्रेसवर, त्याच्या थोरल्या भावाची, बद्रीनाथची, डाव्या हाताची तीन बोटं गेली होती. तेव्हापासून सुदर्शनच्या डोक्यात एकच खूळ: आत हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबली पाहिजे.

डब्यातून रेडिओच्या अगदी आखूड, मिलिमीटर लहरी सुटायच्या, हातावर आपटून परत यायच्या आणि प्रेस थांबायची. एकट्या डब्याचं काम चोख. पण रांगेत बसवले की एकाच्या लहरी दुसऱ्यात घुसायच्या आणि कुणाचा हात नसतानाही प्रेस थांबायच्या. मग वैतागलेला सुपरवायझर डबेच बंद करून टाकायचा. सुदर्शनला लोकांनी नाही नाही ते ऐकवलं. त्यानं अँटेना बदलल्या, मधे पडदे घातले, आणि शेवटी असं सर्किट जमवलं की डबा आधी शेजाऱ्याची चाहूल घेई, मोकळी वाट दिसली तरच आपल्या लहरी सोडी. प्रयोगशाळेत ते झकास चाललं. कारखान्याचे मॅनेजर अभयसाहेब म्हणाले, "दसऱ्यानंतर शेवटची चाचणी. फसली तर डबे काढायचे."

चाचणीच्या सकाळी एकही प्रेस सुरू होईना. सगळे दिवे लाल. लॅपटॉप उघडून सुदर्शन वेड्यासारखा शेजारच्या लहरी शोधत बसला. एकेक डबा बंद करून पाहिला. बाकीचे दिवे लालच. शेवटी हताश होऊन त्यानं एका डब्याच्या झाकणावर हात ठेवला, तर बोटं चंदेरी झाली. पांढरे डबे यंत्रांसारखेच चंदेरी झालेत, हे घाईत त्याला दिसलंच नव्हतं.

खंडेनवमीला यंत्रं धुऊन, रंगवून पुजायची, ही इथली रीत. साध्या प्लास्टिकच्या झाकणातून लहरी आरपार जायच्या. या रंगात ॲल्युमिनियमची पूड होती, त्यामुळे लहरी आतच आपटून परत येत होत्या, आणि डब्याला तो हातच वाटत होता.

"हे कुणी रंगवलं?" तो ओरडला.

बद्रीनाथ पुढं आला. "म्या. सगळ्या मशिनी चकचकीत, अन् तुझेच डबे मळके दिसत व्हते. लई वंगाळ वाटलं मला. काय चुकलं का रं?"

भावावर चिडावं की त्याच्या गळ्यात पडून रडावं, हे सुदर्शनला कळेना. "साहेब, तासभर द्या. नवी झाकणं टाकतो. डबा बरोबर आहे."

"आज रंग लावला, उद्या शेंदूर फासतील," अभयसाहेब म्हणाले. "रंगानं आंधळं होणारं यंत्र माझ्या कामाचं नाही. सकाळपासून लाइन उभी आहे. काढा ते."

सुदर्शननं परक्या लहरींचा इतका विचार केला, आणि आपल्याच माणसांचा ब्रश त्याच्या डोक्यात आला नाही. दर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवत वाढलेला माणूस तो! स्वतःचा त्याला भयंकर राग आला.

डबे निघाले आणि प्रेस धडाधड सुरू झाल्या.

"व्हईल रं समदं नीट. तू घरी जा, दोन घास खा," बद्रीनाथ म्हणाला. मग तो पहिल्या प्रेससमोर उभा राहिला, पत्रा उचलला आणि उजवा हात आत घातला.

सुदर्शन घरी गेला नाही. प्रत्येक ठोक्यानंतर त्या हाताची बोटं मोजत तो शिफ्ट सुटेपर्यंत तिथंच उभा राहिला.